संताजवळचा सिंह

युरोपीय प्रबोधनकाळातील कोरीव मुद्राचित्रांत (तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून, त्यांत शाई भरून घेतलेले ठसे) संतांसोबत ठरावीक प्राणी व वस्तू दिसतात. ही त्यांची ओळखचिन्हे होत. मोर आणि वीणा दिसली की सरस्वती ओळखावी, तसेच हे. आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१४ सालच्या ‘अभ्यासिकेतील संत जेरोम’ या चित्रात पुढेच सिंह पहुडला आहे. तो शौर्याचे प्रतीक असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात जेरोमने सिंहाच्या पंजातला काटा काढल्याची आख्यायिका त्यामागे आहे. खिडकीतली कवटीही अघोरी साधनेची खूण नाही. भिंतीवरच्या वाळूच्या घड्याळाप्रमाणे ती आयुष्याच्या क्षणभंगुरतेची आठवण देते. चिन्हाचा अर्थ मात्र संदर्भाने ठरतो: पंख असलेला सिंह संत मार्कचा असतो.