जुना बेस ॲम्प्लिफायर घेताना

परभणी जिल्ह्यातील एखाद्या गायकवृंदाने मुंबईहून वापरलेला बेस ॲम्प्लिफायर आणला, तर तो परत करणे सोपे नसते. म्हणून पारख खरेदीपूर्वीच करावी, असे आम्ही सुचवितो. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर देते. ती मोठ्या आवाजात वाजवावी. स्पीकर फाटला असल्यास खरखर ऐकू येते. मागील बाजूस लिहिलेले व्होल्टेज वाचावे. अमेरिकेतील १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडल्यास जळू शकते. अर्थिंगची पिन तोडलेली असल्यास वादकाच्या जिवालाच धोका संभवतो. इफेक्ट पेडल बहुधा ९ व्होल्टवर चालते. ॲडॉप्टरचे धन-ऋण उलटे असल्यास ते निकामी होऊ शकते. विकणाऱ्यानेही दोष आधीच सांगावेत. गायकवृंदाचा पैसा बहुधा अनेकांच्या वर्गणीतून जमलेला असतो.