पाटा, विळी आणि कुकर

बिऱ्हाड हलवावयाचें ठरलें, कीं घरांत पहिला वाद उठतो तो पाट्या-वरवंट्यावरून. पलंग, कपाटें, पुस्तकें यांविषयीं फारसें दुमत नसतें. परंतु दोघांनीं मिळून उचलावा लागणारा तो काळा दगड चौथ्या मजल्यावर न्यावयाचा, कीं जुन्या जागेंतच ठेवून यावयाचा, या प्रश्नाला सासूबाईंचें उत्तर एक असतें आणि सूनबाईंचें दुसरें. हमाल तिसरेंच उत्तर देतो, आणि बहुधा त्याचेंच खरें होतें. दगड मागें राहतो, त्याच्या जागीं विजेचा मिक्सर येतो, आणि पुढें कित्येक वर्षें घरांत चटणी झाली, कीं "पाट्यावरची चव नाहीं" हें वाक्य ऐकूं येतें. हें वाक्य केवळ आठवणींतून निघतें, कीं त्यांत कांहीं तथ्य आहे, याचा निवाडा भावनेनें व्हावयाचा नाहीं. तीं दोन हत्यारें काम कशीं करतात, हें पाहिल्यावरच तो होईल.

पाटा चिरडतो आणि मिक्सर कापतो; सारा फरक येथून सुरू होतो. वरवंटा पुढें लोटला जातो तेव्हां खोबरें, मिरची, कोथिंबीर हीं दोन खरबरीत दगडांमध्यें सांपडतात. तीं दाबलींही जातात आणि घासलींही जातात. त्यामुळें त्यांच्या पेशी फुटतात, आंतला रस व तेल बाहेर येऊन एकमेकांत मिसळतें, आणि वाटण ओलसर असूनही घट्ट राहतें. लसणीचें उदाहरण बोलकें आहे. अखंड पाकळीला वास जवळजवळ नसतो. ती ठेचली, म्हणजे तिच्यांत निरनिराळ्या कप्प्यांत असलेलीं दोन द्रव्यें एकत्र येतात, आणि तो उग्र वास त्या क्षणीं जन्मास येतो. अर्थात् पाकळी किती फुटली, यावर चटणीचा तिखटपणा व दरवळ अवलंबून असतो, हें म्हणणें केवळ जुन्या माणसांचा हट्ट नव्हे.

मिक्सरचें पातें रिकामें फिरतांना मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास फेरे घेतें. या वेगानें पदार्थाचे अतिशय बारीक तुकडे होतात खरे. पण ते भांड्याच्या कडेला जाऊन चिकटतात, आणि पातें मधल्या पोकळींत नुसतें गरगरत राहतें. मग पाणी घालावें लागतें. येथेंच घात होतो! चव बिघडल्याचा पुष्कळसा दोष पात्याचा नसून या पाण्याचा असतो. पाणचट वाटण कढईंत पडलें, कीं तें परतलें न जातां आधीं शिजतें, तेल सुटावयास वेळ लागतो, आणि मसाल्याचा कच्चा वास मागें रेंगाळतो. शिवाय यंत्र एकसारखें फिरत ठेवल्यास घर्षणानें भांडें ऊन होतें व ओल्या खोबऱ्याचें तेल वेगळें होऊं लागतें. यावर उपाय आहे, आणि तो फुकटचा आहे. भांडें लहान घ्यावें. त्यांत जिन्नस थोडेथोडे घालावे. कळ दाबून लगेच सोडावी, कडेचें वाटण चमच्यानें आंत लोटावें, आणि पुन्हां दाबावी. पाणी शेवटीं, आणि तेंही चमच्याचमच्यानें. असें केलेलें वाटण पाट्यावरच्या वाटणाच्या इतकें जवळ जातें, कीं आमटींत तरी तो फरक ओळखणें कठीण. सुक्या खोबऱ्याची आणि लसणीची चटणी मात्र या यंत्राला साधत नाहीं, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे.

हें यंत्र या देशाच्या स्वयंपाकाला जुळतें करून घ्यावें लागलें, ही गोष्ट आज पुष्कळांच्या ध्यानांत नसते. परदेशीं घरगुती यंत्रें होतीं तीं फळांचा रस काढावयाचीं किंवा लोणी-साखर फेसावयाचीं. हळकुंड, सुकें खोबरें, भिजलेली डाळ यांची त्यांना संवय नव्हती. १९६३ मध्यें मुंबईंत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यानें 'सुमीत' हा मिक्सर तयार केला, त्याच्या मुळाशीं हीच अडचण होती. घरांतलें परदेशी यंत्र वाटणाचा भार सोसूं शकलें नाहीं, म्हणून जोरकस मोटर आणि निराळीं पातीं योजावीं लागलीं. आजही यंत्राच्या तळाशीं जें लहानसें तांबडें बटण असतें, तें या भाराचाच पहारेकरी आहे. मोटरीवर अति भार पडला, कीं तें उडून प्रवाह तोडतें. अशा वेळीं यंत्र बिघडलें असें समजून दुकानीं धांव घेण्यापूर्वीं तें कांहीं मिनिटें निवूं द्यावें आणि बटण दाबून पाहावें.

पाट्याची थोरवी सांगतांना एक गोष्ट सोयीस्करपणें विसरली जाते. त्या चवीची आठवण ज्यांना सर्वांत अधिक येते, ते बहुधा पाट्यापुढें बसलेले नसत. सकाळच्या घाईंत गुडघे मोडून, कमरेंत वांकून, अर्धा-अर्धा तास वाटीत बसणारी बाई त्या चवीची किंमत खांद्यानें आणि पाठीनें देत होती. शिवाय पाटा नुसता घरांत असून चालत नाहीं. वापरानें तो गुळगुळीत होतो, आणि मग त्यावर मिरची वाटली न जातां नुसती घसरते. दर कांहीं महिन्यांनीं त्याला टाकी लावून घ्यावी लागते. पाथरवटाच्या छिनीचे ते खळखळ वाजणारे घाव पूर्वीं वाड्यावाड्यांतून ऐकूं येत. आतां शहरांत तो माणूस सांपडणें हेंच मोठें काम झालें आहे. टाकी न लावलेला पाटा हा स्वयंपाकघरांतला केवळ एक जड दगड होय.

विळीची कथा निराळी आहे. तिला यंत्रानें हरविलें नाहीं, ओट्यानें हरविलें. सुरी हातांत धरावी लागते, म्हणजे एक हात हत्यारांत अडकतो. विळीचें पातें स्थिर असतें, तिच्या पाटावर पाय ठेवला, कीं देहाच्या भारानें ती जागची हालत नाहीं, आणि दोन्ही हात पदार्थावर राहतात. लाल भोपळा किंवा सुरण दोन्ही हातांनीं पात्यावर दाबतां येतो, आणि मेथीची जुडी मुठींत आवळून सरसर चिरतां येते. फळकुट लागत नाहीं, चिरलेलें थेट खालच्या ताटलींत पडतें. शेंड्याच्या दातेरी खवणीवर नारळ खवून होतो तो वेगळाच. कोंकणांत आणि गोव्यांत तिला आदोळी म्हणतात. बंगाल्यांतली बोंटी तिचीच बहीण. परंतु हे सारे गुण बसलेल्या माणसाच्या हातीं आहेत. उभ्या ओट्यावर विळी ठेवली, म्हणजे देहाचा भार तिच्यावर येत नाहीं, ती डगमगते, आणि धार चेहऱ्याच्या व छातीच्या जवळ येते. तेव्हां ज्याला बसून चिरावयाचें असेल त्यानें विळी घ्यावी, ज्याला उभ्यानें त्यानें सुरी. दोहोंची खिचडी करूं नये. विळीचें पातें मिटणारें असल्यास उत्तम, नसल्यास काम होतांच ती भिंतीकडे तोंड करून मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी.

सुरीविषयीं एवढेंच, कीं बोथट सुरी धारदार सुरीपेक्षां अधिक बोटें कापते. कारण ती दाबावी लागते, आणि दाबलेली सुरी घसरते. घरीं सहाण नसेल, तर चिनी मातीच्या बशीच्या तळाची जी खरबरीत, न चकाकणारी कड असते, तिच्यावरही कामापुरती धार येते. आणि ओट्याची गोष्ट निघालीच आहे तर हेंही सांगितलें पाहिजे, कीं त्याची उंची उभें राहणाऱ्याच्या कोपरापेक्षां दहा ते पंधरा सेंटिमीटर खालीं असावी. घरें बांधणारे सर्व बायांची उंची एकच धरून चालतात, आणि मग बुटक्या बाईचे खांदे व उंच बाईची कंबर आयुष्यभर दुखत राहते. पहिलीनें पायांखालीं बळकट पाट घ्यावा. दुसरीनें चिरण्याचें फळकुट जाड घ्यावें.

आतां कुकर. या भांड्यानें घरांतील सकाळ जितकी बदलली, तितकी दुसऱ्या कशानें क्वचितच बदलली असेल. कल्पना मात्र जुनी आहे. १६७९ मध्यें दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें घट्ट झांकणाचें एक भांडें मांडलें. त्यांत हाडेंसुद्धां मऊ होत, आणि १६८२ मध्यें सोसायटीच्या सभासदांना त्यांत शिजलेलें जेवणही मिळालें. जादा वाफ सोडणारी, वजनानें दाबून धरलेली झडप ही पापँचीच युक्ति. हिंदुस्थानांत १९१० मध्यें कलकत्त्याचे इंदुमाधव मल्लिक यांनीं 'इक्मिक कुकर' काढला. त्यांत एकावर एक डबे आणि खालीं कोळशाची शेगडी असे; भात-डाळ लावून माणूस आपल्या कामाला जाई. तो दाबाचा नव्हता, नुसत्या वाफेचा होता. दाबाचे कुकर येथें तयार होऊं लागले ते १९५९ च्या सुमारास.

उघड्या भांड्यांत पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळूं लागलें, कीं मग कितीही आंच द्या, त्याची उष्णता पुढें चढत नाहीं. जास्तीची आंच वाफ करण्यांत खर्च होते. हवेचा दाब कमी झाला, तर उकळणें आणखी लवकर सुरू होतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे, तेथें पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतें, आणि डाळ रेंगाळते. कुकर याच्या उलट करतो. वाफ कोंडून आंतला दाब बाहेरच्यापेक्षां दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅमनें वाढला, म्हणजे पाणी १२० अंशांच्या आसपास जातें. उष्णता दहा अंशांनीं वाढली, तर शिजण्यासारख्या क्रियेचा वेग साधारणपणें दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून पाऊण तासाची तुरीची डाळ दहा-बारा मिनिटांत होते.

हें समजलें, कीं शिट्ट्या मोजण्याचा प्रघात किती डळमळीत आहे, तें कळतें. शिट्टी म्हणजे ठराविक दाबापलीकडे जमलेली वाफ वजनाला उचलून बाहेर पडली, एवढेंच. मोठ्या आंचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतील, मंद आंचेवर पंधरा मिनिटांतही होणार नाहींत. डाळ दोन्ही वेळां सारखी शिजेल कशी? पहिली शिट्टी होतांच आंच कमी करून घड्याळाकडे पाहावें, हाच खरा हिशेब. त्यानंतरची मोठी ज्योत आंतली उष्णता तिळभरही वाढवीत नाहीं. ती फक्त गॅस जाळते आणि पाणी आटविते.

पाणी आटणें, हेंच भय आहे. कुकरचे अपघात सहसा दोन कारणांनीं होतात: तळ कोरडा पडतो, किंवा वाफेची नळी तुंबते. डाळीचा फेस आणि तिचीं सालपटें वर चढून नळींत अडकतात. म्हणून डाळ-कडधान्य असतां कुकर निम्म्यापेक्षां अधिक भरूं नये, एरवीं दोनतृतीयांशापेक्षां अधिक नाहीं. आणि झांकण लावण्यापूर्वीं तें उजेडाकडे धरून नळींतून आरपार दिसतें कीं नाहीं, हें रोज पाहावें. या पाहण्याला दोन सेकंद लागतात. नेहमींच्या वेळांत शिट्टी झाली नाहीं, तर वजन हालवून पाहण्याचा मोह आवरून आंच बंद करावी आणि भांडें पूर्ण निवेपर्यंत त्याला हात लावूं नये. झांकणावरील सुरक्षा-झडपेंत कमी उष्णतेवर वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक ठिपका असतो. भांडें कोरडें तापलें, कीं तो वितळून वाफेला वाट देतो. ती झडप एकदां उडाली, म्हणजे त्याच कुकरासाठीं बनविलेलीच दुसरी बसवावी. बोहारणीकडची स्वस्त झडप, दुसऱ्याच बनावटीचें वजन, सैल झालेली रबरी कडी दोऱ्यानें गुंडाळून चालविणें, या काटकसरीला घरांत थारा देऊं नये.

पितळी पातेलीं आतां सणावारींच निघतात, पण जेथें निघतात तेथें कल्हईची चौकशी झालीच पाहिजे. पितळेंत तांबें असतें. ताक, चिंच, कोकम यांच्या आंबटपणानें तें विरघळतें आणि पदार्थ कळकतो. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडें तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानें तो फिरवितात. कथील २३२ अंशांवरच वितळतें, तेव्हां कल्हईचें भांडें रिकामें तापवूं नये व त्यांत तळण काढूं नये. कथलांत स्वस्त म्हणून शिसें मिसळण्याची लबाडी होऊं शकते आणि शिसें हें विष आहे. यासाठीं दोन पैसे अधिक मोजून कल्हई ओळखीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

राहतां राहिला तो चौथ्या मजल्यावरचा वाद. त्याची तडजोड पुष्कळ घरांनीं दगडी खलबत्त्यानें केली आहे. तो पिशवींतून वर नेतां येतो, ओट्याच्या कोपऱ्यांत मावतो, आणि लसूण, मिरी, सुकी चटणी, आलें-वेलची यांना पाट्याचीच चिरड देतो. घेतांना आंतली बाजू बोटानें चांचपून पाहावी. ती आरशासारखी गुळगुळीत नसावी. नव्या खलांत दगडाची बारीक कच असते. मूठभर जाडें मीठ घालून तो घासावा, धुवावा, आणि मग ओले तांदूळ वाटावे. पहिलें पीठ करड्या रंगाचें निघेल, तें टाकून द्यावें. असें दोन-चारदां केल्यावर पीठ पांढरें स्वच्छ निघूं लागलें, म्हणजे त्यांत चटणी घालण्यास हरकत नाहीं.