थंडीत गाडीचा टेप का रुसतो?



सध्या उसाचा हंगाम जोरात आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला लागा, ट्रॅक्टरवरची गाणी लांबूनच ऐकू येतात. पण याच दिवसांत एक तक्रारही कानावर येते. पहाटे पिकअप सुरू केली की टेप गप्प, आणि ऊन चढलं की आपोआप सुरू. मग कुणीतरी सांगतं, "टेप गेला, नवा बसवा." महिन्याला शंभर रुपये बचत करणाऱ्या बाईला तीन हजार जमवायला अडीच वर्षं लागतात. तेव्हा पैसे काढण्याआधी दुखणं कुठं आहे ते बघू या.

आपल्याकडं पारा आठ-दहा अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. पण गाडीचे टेप शून्याच्या खालीही चालावेत असेच बनवलेले असतात. म्हणजे आपली थंडी टेपला मारत नाही, आधीपासून असलेलं दुखणं उघडं करते. ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी असतं.

पहिलं, बॅटरी. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यानं सेल्फला जास्त करंट लागतो. सेल्फ मारताना टेप क्षणभर विझून पुन्हा लागणं अनेक गाड्यांत नेहमीचंच असतं, म्हणून नुसत्या त्यावरून बॅटरीला दोष देऊ नका, ती मोजून घ्या. मोटार दुरुस्त करणाऱ्या वायरमनकडं मीटर असतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी तपासून घ्या. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. तेवढे नसतील तर चार्जिंग तपासून घ्या.

दुसरं, सैल जोड. थंडीत धातू आकसतो, गरम झाला की फुगतो. सैल क्लिप किंवा तडकलेला डाग पहाटे सुटतो आणि दुपारी पुन्हा टेकतो. टेपवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. टेपमागच्या वायरी हळूच हलवून बघा. आवाज ये-जा करत असेल तर चोर सापडला. बाहेरून बसवलेल्या टेपला सहसा काळी वायर अर्थिंगची, लाल चावीची आणि पिवळी कायम करंटची असते. घड्याळ आणि स्टेशनं रोज पुसली जात असतील, तर पिवळी वायर आणि तिचा फ्यूज बघा.

तिसरं, दव. उजनीच्या पाण्याकाठी, भिगवण-पळसदेवच्या बाजूला पहाटे धुकं दाटतं. सीडीच्या भिंगावर ओल बसली की सीडी वाचली जात नाही. गाडीचा पंखा लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम फडकं किंवा शेगडी जवळ नेऊ नका.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती घरीच साफ होते. पण आधी हातातल्या पाटल्या, अंगठी काढा आणि मंगळसूत्र पदरात खोचा. धातू दोन्ही टोकांना टेकला तर मोठी ठिणगी उडून हात भाजतो. जवळ बिडी, काडेपेटी नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. चावी बंद करा. काही कंपनीचे टेप बॅटरी काढल्यावर कोड मागतात, तो आधी लिहून ठेवा. काढताना वजा टोक आधी, लावताना शेवटी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं घासा, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन लावा.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. त्या जागी तार गुंडाळली तर उद्या वायरिंग पेटेल.

इतकं करूनही टेप लागला नाही तरच तो खोलायला द्या. देताना "पहाटे बंद, गरम झाल्यावर सुरू" हे आवर्जून सांगा, कारण दुपारी दुकानात तो ठणठणीतच वाजेल.

आणि ताईंनो, टेपचं रुसणं हसण्यावारी नेऊ नका. बॅटरी उतरतेय हे कधी कधी टेपच आधी सांगतो. तेव्हा लक्ष दिलं नाही, तर एखाद्या पहाटे दूध किंवा भाजी घेऊन निघालेली गाडी वाटेतच उभी राहील. गटाच्या पुढच्या बैठकीला ज्यांची गाडी असेल त्यांनी बॉनेट उघडून दाखवा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की भीती जाते.