नुसतें ‘टक्’ म्हणणारी गाडी

आजचा विषय ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. गाडींत बसावें, चावी फिरवावी, आणि इंजिन सुरू होण्याऐवजीं बॉनेटच्या खालून नुसता ‘टक्’ असा आवाज यावा. पुन्हां फिरवावी, पुन्हां तेंच. हा प्रसंग अमरावतीच्या राजापेठेंत जसा येतो तसाच अकोल्याच्या रतनलाल प्लॉटांतहि येतो. अशा वेळीं भोंवतीं जमलेल्या मंडळींकडून बहुधा एकच निर्णय मिळतो : ‘गाडी जुनी झाली.’ मग कोणी नवी बॅटरी घ्यावयास सांगतो, कोणी सबंध सेल्फ बदलावयास सांगतो, तर कोणी गाडीच मोडींत काढण्याचा सल्ला देतो. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, वय हें कांहीं निदान नव्हे. तो ‘टक्’ म्हणजे गाडीनें दिलेली साक्ष आहे. ती नीट ऐकून घेतली तर दोष कोठें आहे हें पैसे खर्च करण्यापूर्वींच पुष्कळ अंशीं ठरवितां येतें.

वयाची गोष्ट वऱ्हाडांतील माणसाला निराळी सांगावयास नको. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या दोन्ही बाजूंस जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवर १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, काम करीत होतें. मोटारीच्या बाबतींत कायदासुद्धां नुसतें वय पाहत नाहीं. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें गाडीची तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठीं वाढवून मिळते. यंत्राचे भाग झिजतात, आणि कोणता भाग झिजला हें ओळखलें म्हणजे तेवढाच दुरुस्त करतां येतो. प्रश्न ओळखण्याचा आहे.

मोटारीच्या आरंभींच्या काळांत इंजिन सुरू करण्याकरितां पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून तें हातानें फिरवावें लागे, आणि हँडल उलट फिरून मनगट मोडण्याचें भय असे. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्यानें विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला, व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांतून तो लोकांपुढें आला. त्यालाच आपले मिस्त्री ‘सेल्फ’ म्हणतात. मीहि तोच शब्द वापरतों.

सेल्फ ही एक लहान पण दांडगी विजेची मोटर होय. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान गाडींत ती शंभर ते दोनशें अँपिअर प्रवाह घेते. डिझेलच्या जीपला याहूनहि अधिक लागतो. एवढा प्रवाह चावीच्या नाजूक स्विचांतून नेला तर स्विच जळून जाईल. म्हणून विजेसाठीं दोन वाटा केलेल्या असतात. लहान वाट चावीपासून निघून सेल्फवर बसविलेल्या सोलेनॉईडपर्यंत जाते. मोठी वाट बॅटरीपासून जाड तारेनें थेट सेल्फमध्यें जाते. पण ती एरवीं बंद असते. सोलेनॉईड म्हणजे तांब्याच्या तारेचें वेटोळें असून त्यांत एक लोखंडी दांडा असतो. लहान वाटेनें प्रवाह आला कीं वेटोळ्याचें चुंबक बनतें आणि दांडा आंत ओढला जातो. त्यामुळें एकीकडे सेल्फचें दांतेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन बसतें, आणि दुसरीकडे तांब्याची एक चकती दोन जाड टोकांवर दाबली जाऊन मोठी वाट खुली होते. आपण ऐकतों तो ‘टक्’ या दांड्याचा. वाड्याच्या दरवाज्यावरील पहारेकऱ्याला हुकूम पोंचला व त्यानें अडसर काढला, असें तो सांगतो.

यावरून पहिलें अनुमान निघतें. आवाज झाला त्या अर्थीं चावी, फ्यूज आणि बारीक तारा यांनीं आपलें काम बजावलें आहे. दोष मोठ्या वाटेवर, म्हणजे बॅटरी, तिचे जोड, जाड तारा, चकती, सेल्फ किंवा इंजिन यांपैकीं कोठें तरी आहे. मुळींच आवाज झाला नसता तर शोध लहान वाटेवर करावा लागला असता. मात्र एक सावधगिरी हवी. कांहीं गाड्यांत लहान वाटेवर एक रिले असतो. त्याचा आवाज बारीक असून तो डॅशबोर्डाजवळून किंवा फ्यूजच्या पेटींतून येतो. तेवढाच ऐकूं आला तर दांडा हलला असें समजूं नये.

आतां खुद्द आवाजाचे दोन प्रकार पाहूं. चावी धरून ठेवली असतां शिवणयंत्रासारखा टकटकटक असा भराभर आवाज आला, तर त्याचें कारण असें : दांडा आंत जातो, मोठी वाट उघडते, सेल्फ प्रवाह ओढूं लागतो, पण बॅटरी दुर्बळ असल्यामुळें त्या ओझ्याखालीं तिचा दाब कोसळतो. दाब कोसळतांच दांड्याला धरून ठेवण्याइतकें बळ चुंबकांत उरत नाहीं व तो मागें उडतो. ओझें गेल्यामुळें दाब परत वर येतो, आणि दांडा पुन्हां ओढला जातो. हें चक्र एका सेकंदांत अनेक वेळां फिरतें. असा आवाज आला कीं सेल्फ बदलण्याचा विचार दूर ठेवून आधीं बॅटरी आणि तिचे जोड पाहावे.

दुसरा प्रकार म्हणजे एकच ठसठशीत ‘टक्’ आणि पुढें शांतता. येथें दांडा आंत जाऊन टिकला आहे, तरी मोटर फिरत नाहीं. मग चकती जळून खडबडीत झाली असेल, सेल्फमधील कार्बनचे ब्रश झिजले असतील, एखादा जोड प्रवाह अडवीत असेल, अथवा सेल्फ किंवा इंजिन जागच्या जागीं अडकलें असेल.

यांतून निवड करण्याची एक कसोटी कोणत्याहि साधनाशिवाय करतां येते. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा, पुढचे दिवे लावावे आणि दुसऱ्या कोणाला चावी फिरवावयास सांगून दिव्यांकडे पाहावें. दिवे मुळांतच मंद असतील तर बॅटरी उतरली आहे. दिवे स्वच्छ असून चावी फिरवितांच मावळले, तर बॅटरींत शक्ति उरलेली नाहीं, तिच्या टोकांवरील जोड खराब आहे, किंवा सेल्फ अडकून भरमसाट प्रवाह ओढीत आहे. आणि ‘टक्’ होऊनहि दिव्यांत कांहींच फरक पडला नाहीं, तर सेल्फमध्यें प्रवाह शिरतच नाहीं. चकती, ब्रश किंवा जाड तार यांवर संशय घ्यावा.

येथें कोणी म्हणेल, दिवे लागतात, भोंगा वाजतो, मग बॅटरीचे जोड चांगलेच असले पाहिजेत. ही समजूत फसवी आहे. वाटेंत दाब किती वाया जातो हें प्रवाह आणि अडथळा यांच्या गुणाकारानें मिळतें. बॅटरीच्या टोकावर गंज चढून ०.०२ ओहम इतका क्षुल्लक अडथळा झाला असें समजा. दिव्यांना १० अँपिअर लागत असतील तर तेथें ०.२ व्होल्ट हरवतील, आणि डोळ्यांना तें कळणारहि नाहीं. परंतु सेल्फनें १५० अँपिअर मागितले कीं त्याच जोडांत ३ व्होल्ट खर्ची पडूं पाहतात. बारा व्होल्टांच्या संसारांतून तीन वाटेंतच गेले तर सेल्फ फिरणार कसा?

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्या घरांत कांहींशें रुपयांना मिळणारा एक मल्टिमीटर असावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली समजावी, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी, आणि १२ किंवा त्याखालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. मग चावी फिरवून धरली असतां पाहावें. आंकडा ९.६ च्या खालीं गेला तर आधीं बॅटरी चार्ज करून तपासून घ्यावी. तो बाराच्या वर टिकून राहिला आणि तरी सेल्फ हलला नाहीं, तर चोर पुढें आहे. सोलेनॉईडवर दोन जाड टोकें असतात : एकावर बॅटरीची तार येते, दुसऱ्यावरून वीज मोटरकडे जाते. चावी धरली असतां पहिल्या टोकावर पुरता दाब आला नाहीं तर तारेंत किंवा तिच्या जोडांत दोष आहे. पहिल्यावर आहे पण दुसऱ्यावर नाहीं, तर चकती जळली आहे. दोन्हींवर आहे आणि मोटर स्वस्थ आहे, तर मात्र सेल्फ खोलावा. परतीची वाटहि विसरूं नये. इंजिन रबराच्या बैठकीवर असतें. त्याला गाडीच्या सांगाड्याशीं जोडणारी अर्थिंगची पट्टी जुन्या गाडींत गंजून तुटत आलेली असते, आणि तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. बॅटरीचें ऋण टोक आणि इंजिनाचें उघडें लोखंड यांमध्यें, चावी धरली असतां, पाव व्होल्टाहून फारसा अधिक फरक दिसूं नये.

टोकांवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी सांचली असेल तर मीटरचीहि वाट पाहूं नये. आधीं ऋण तार सोडावी, मग धन. जोडतांना धन आधीं व ऋण शेवटीं. हा क्रम पाळला म्हणजे पाना गाडीच्या अंगाला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें टोकें धुवावीं, तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. मग टोकें कोरडीं करून पॉलिश कागदानें घासावीं, जोड घट्ट आंवळावे आणि वरून व्हॅसलिन लावावें. अर्ध्या तासाच्या या कामानें पुष्कळ गाड्या पुन्हां सुरू होतात.

आपल्या प्रांताचें हवामान या रोगाला पोषक आहे. थंडीनें बॅटरीचा जोर कमी होतो हें सर्वांस ठाऊक असतें, पण तिचें आयुष्य खरें खातो तो उन्हाळा. साधारण नियम असा कीं, तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं तिचें आयुष्य निम्म्यावर येऊं लागतें. आणि मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. आंतलें पाणी उडून तक्ते उघडे पडतात. झांकणें उघडणारी बॅटरी असल्यास तींत केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत राहणाऱ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार तक्त्यांचा नाश करतात. सुटींत घर बंद करून जाणाऱ्यांसाठीं आणखी एक हिशेब : घड्याळ व चोरघंटा मिळून ०.०३ अँपिअर जरी घेत असल्या, तरी तीस दिवसांत २१.६ अँपिअर-तास होतात. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्म्याहून अधिक पुंजी उभ्याउभ्या संपते. जातांना ऋण तार सोडून ठेवली कीं झालें.

उन्हाळ्याचें दुसरेंहि एक कौतुक आहे. अकोल्याहून अमरावतीस निघालेली गाडी मूर्तिजापूरला चहासाठीं थांबवावी, आणि निघतांना तिनें ‘टक्’ म्हणून बसावें. तासाभरानें मात्र आपोआप सुरू व्हावें. तांबें साठ अंशांनीं अधिक तापलें कीं त्याचा अडथळा सुमारें पावपटीनें वाढतो. इंजिनाच्या उष्णतेनें भाजलेलें वेटोळें मग अशक्त होतें, आणि थंडपणीं झांकून राहिलेला जोडाचा किंवा चकतीचा दोष उघडा पडतो. ही गाडीची लहर नव्हे, पूर्वसूचना आहे.

आतां कांहीं निषेध. राष्ट्रीय महामार्गावर एखादा भला ट्रकचालक आपल्या बॅटरीची वीज देऊं करील. पण पुष्कळ ट्रकांत २४ व्होल्ट असतात, आणि ते मोटारीला दिले तर तिचीं उपकरणें जळतील. दुसऱ्या मोटारीची वीज घेतांना धन टोक धनाला जोडावें. ऋण तार आपल्या बॅटरीवर न लावतां, सर्वांत शेवटीं, तिच्यापासून दूर इंजिनाच्या लोखंडावर लावावी. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, व तेथें उडालेली एक ठिणगी आम्लासकट तिचा स्फोट करूं शकते. फुगलेल्या किंवा फुटलेल्या बॅटरीला हा उपाय करूंच नये. सोलेनॉईडचीं टोकें पेंचकसानें जोडून गाडी सुरू करण्याचें धाडस करूं नये. गाडी गिअरमध्यें राहिली असेल तर ती पुढें उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते. मोर्णेच्या पुराचें पाणी ज्या गाडींत शिरलें असेल तिची चावी फिरवूंच नये. सिलिंडरांत पाणी असेल तर इंजिन मोडतें. लांकडी दांड्यानें सेल्फला हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली तर त्याला दुरुस्ती मानूं नये. ब्रश किंवा चकती शेवटास आली एवढाच त्याचा अर्थ. आणि गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात कीं नाहीं हें अवश्य पाहावें. नाहीं तर दोष अल्टरनेटरकडे असून नवी बॅटरीहि आठवड्यांत उतरेल.

याचा अर्थ मिस्त्रीचें काम आपण करावें असा नाहीं. सेल्फ खोलून ब्रश बसविणें हें त्याच्याच हाताचें काम आहे. परंतु ‘गाडी सुरू होत नाहीं’ एवढेंच सांगून आपण त्याच्यापुढें गेलों तर त्याला अंदाजानें सुटे भाग बदलावे लागतात, आणि त्या अंदाजाची किंमत आपल्या खिशांतून जाते. ‘एकच टक् होतो, दिवे मंद होत नाहींत, बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आहेत’ अशीं तीन वाक्यें त्याच्यापुढें ठेवलीं तर कोणताहि जाणता मिस्त्री तीं ऐकून थेट सेल्फकडे वळेल, आणि चांगली असलेली बॅटरी बदलण्याचा खर्च वांचेल.