मॅकडोनाल्ड्स भारी की डॉमिनोज? आधी पाटीवरचा आकडा वाचा

छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससी, पोलीस भरती आणि आरक्षणावर चर्चा होते, तशीच आता मॅकडोनाल्ड्स भारी की बर्गर किंग, डॉमिनोजचा पिझ्झा चांगला की पिझ्झा हटचा, यावरही होते. वाढदिवस असो की परीक्षेचा निकाल, पार्टी ठरलेली. कार्यकर्त्यांच्या बैठकीनंतरही हल्ली मोबाईलवरून ऑर्डर जाते. मोठी माणसे यावर नाक मुरडतात. आम्हाला मात्र हा प्रश्न गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण यात आपल्या तरुणांचा पैसाही जातो आणि शरीरही.

आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्या मुलांना तिथे फक्त चव ओढून नेत नाही. मराठवाड्यातील कितीतरी गावांत हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी असायची. चहा पिऊन ती स्वतःच विसळून ठेवावी लागायची. त्या पिढीची नातवंडे आज काचेच्या दारातून आत जातात, काउंटरवर आडनाव न सांगता ऑर्डर देतात आणि हव्या त्या टेबलावर बसतात. ही किरकोळ बाब नाही. त्यामुळे ‘हे विदेशी खाणे सोडा’ एवढेच भाषण ठोकणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण सन्मानाने बसायला मिळाले म्हणून ताटात काय आले हे बघायचेच नाही, असेही चालणार नाही.

चवीचे गणित समजून घेतले की निम्मा वाद मिटतो. साखळी हॉटेलची खरी करामत म्हणजे मुंबईत आणि आपल्याकडे एकच चव देणे. त्यासाठी टिक्की, पॅटी कारखान्यात तयार होऊन गोठवलेली येते, डॉमिनोजसाठी पिठाचे गोळे मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येतात आणि दुकानात ठरलेल्या तापमानाला, ठरलेली मिनिटे भाजणे-तळणे होते. केएफसीच्या चिकनला मसाल्याचे आवरण दुकानातच लावून ते दाबाखाली तळतात, म्हणून ते आतून मऊ आणि बाहेरून कुरकुरीत लागते. सबवेत भाज्या समोर घालतात. तिथे सॉस कमी करा, असे सांगता येते. बाकी सगळीकडे जिभेला जे ‘भारी’ वाटते त्याचा पाया एकच : मीठ, साखर आणि स्निग्धांश. आम्हाला विचाराल तर चवीत केएफसी पुढे. पण चव ही ज्याची त्याची, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

दर्जाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने निलंबित केल्याची बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर गाजली. काही पदार्थांत चीजऐवजी ‘चीज अ‍ॅनालॉग’ वापरले जाते आणि ग्राहकाला तसे सांगितले जात नाही, असा प्रशासनाचा आक्षेप होता. कंपनीने तो फेटाळला. आम्ही खरेच चीज वापरतो, असे तिचे म्हणणे होते आणि पुढे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला दुजोरा दिल्याचेही तिने जाहीर केले. दरम्यान काही पदार्थांच्या नावातून ‘चीज’ हा शब्द गेल्याच्या बातम्या आल्या.

आता हे अ‍ॅनालॉग म्हणजे काय? चीज दुधापासून बनते. अ‍ॅनालॉगमध्ये दुधाच्या स्निग्धांशाची जागा पूर्ण किंवा काही प्रमाणात वनस्पती तेल घेते. ते विष नाही आणि विकायला बंदीही नाही. फक्त त्याला चीज म्हणून विकता येत नाही. त्या प्रकरणात कोण बरोबर होते हा वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी मुद्दा उरतोच. जगभर नाव असलेल्या कंपनीलाही जिल्ह्यातला एक अन्न सुरक्षा अधिकारी हिशेब विचारू शकतो. आणि जिथे चीज या नावाने काहीही वितळवून घालतात, अशा कोपऱ्यावरच्या विनापाटीच्या पिझ्झा गाडीला कोणीच विचारत नाही.

इथे साखळीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. शीतगृह, पुरवठ्याची नोंद, हातमोजे, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे यांत ती बहुतेक गाड्यांपेक्षा पुढे असते. तळणाच्या तेलासाठी २०१८ पासून नियम आहे : वारंवार तापवून त्यातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही. साखळीत हे मोजायची सोय असते. गाडीवर तेल काळे पडेपर्यंत कढई उतरत नाही. पण स्वच्छ असणे वेगळे आणि पौष्टिक असणे वेगळे. जाहिरात या दोन गोष्टी मुद्दाम एक करून टाकते.

पौष्टिकतेसाठी नाव नव्हे, आकडा बघायचा. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिणे २०२२ पासून बंधनकारक आहे. सर्वसाधारण प्रौढाला दिवसाला सुमारे २००० कॅलरी लागतात, ही ओळही मेनूवर असावी लागते. मॅकडोनाल्ड्सने भारतासाठी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांपैकी एकात मॅक आलू टिक्की बर्गरची नोंद सुमारे ३४० कॅलरी आणि ५४५ मिलिग्रॅम सोडियम अशी होती. मॅकस्पायसी पनीरची सुमारे ६५० कॅलरी आणि हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची सोडियमची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकाच दुकानातले दोन बर्गर, एकाने पाव मर्यादा संपते, दुसऱ्याने निम्मी. मग ‘मॅकडोनाल्ड्स चांगले की वाईट’ या प्रश्नाला काय उत्तर देणार?

खरा घोळ कॉम्बोत आहे. तीनशे मिलिलिटर कोलात साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. वरून मिळणारी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ च्या आत असावी, असे हीच संघटना सांगते. ‘फक्त ४० रुपये जास्त’ म्हणून घेतलेला तो ग्लास आणि फ्राइज बर्गरपेक्षा जास्त नुकसान करतात. क्रम लावायचाच तर आमचा असा : कमी सॉसचा भाज्यांचा किंवा न तळलेल्या चिकनचा सब वर, मग कोल्ड्रिंकशिवाय साधा बर्गर, मग वाटून खाल्लेला पातळ पिझ्झा. तळलेल्या चिकनची बादली आणि चीज भरलेल्या कडेचा पिझ्झा सगळ्यात खाली. केएफसीत प्रथिने मिळतात हे खरे, पण मीठ आणि तेलासकट.

मग देशी साखळ्या? मालाडला २००१ मध्ये सुरू झालेली जम्बोकिंग आणि कल्याणला २००४ मध्ये सुरू झालेली गोली वडापाव, दोघांनी वडापावला तोच कारखान्याचा साचा दिला. स्वच्छता आली, पण मैद्याचा पाव, बटाटा आणि तळण तसेच राहिले. देशी म्हणून सूट देता येत नाही.

तुलना पूर्ण करायची तर आपल्याच चुलीशीही केली पाहिजे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्याही आत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तीही आपल्याकडच्या पाककृतींच्या पुस्तकांनी या ताटाला कधी जागा दिली नव्हती म्हणून. भाकरी आणि पातळ कालवणाची लाज वाटणे आणि बर्गरचा अभिमान वाटणे यांचा उगम एकाच ठिकाणी आहे. गावाहून आलेला विद्यार्थी डब्यातली भाकरी लपवतो आणि पिझ्झ्याचा फोटो टाकतो, तेव्हा तो जिभेचे ऐकत नसतो.

तथागतांनीही अन्नावर बंदी घातली नाही, मात्रा सांगितली. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत त्यांच्याकडे येतो, ती कथा आहे. तथागत त्याला रागावत नाहीत. प्रमाणात खाण्याविषयी एक गाथा म्हणतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगतो आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्यासाठी शंभर कहापण देऊ करतो. हळूहळू त्याचे जेवण कमी होते, शरीर हलके होते. त्या सुदस्सनाचे काम आज मेनूवरचा कॅलरीचा आकडा करू शकतो, तोही फुकट, फक्त तो बारीक अक्षरात असतो.

कार्यकर्त्यांना करण्यासारखे बरेच आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, स्निग्धांशाचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. आपल्या वस्तीतल्या शाळेबाहेर एकदा पावले मोजून बघा. दुकानात १४ अंकी परवाना क्रमांक लावलेला नसेल, कॅलरी लिहिलेल्या नसतील, तर फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार करता येते. आणि १४ एप्रिलला, नामांतर दिनाला विद्यापीठ गेटजवळ आपण जे अन्नदानाचे स्टॉल लावतो, तिथे शीतपेयाच्या बाटल्यांऐवजी ताक ठेवायला खर्चही कमी येतो.