खुब्याच्या सांधेरोपणानंतरचे जीवनमान

खुब्याच्या सांधेरोपणानंतरचे जीवनमान म्हणजे निकामी झालेल्या खुब्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवल्यानंतर रुग्णाच्या वेदना, हालचाल, स्वावलंबन आणि मनःस्थिती यांत होणारा बदल होय. शस्त्रक्रियेचे यश ठरवताना क्ष-किरण चित्राबरोबर रुग्णाचे समाधान हाही निकष मानला जातो.

पार्श्वभूमी

आधुनिक सांधेरोपणाचा पाया इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास घातला. पाश्चात्त्य देशांत ही शस्त्रक्रिया मुख्यतः उतारवयातील संधिवातासाठी होते. भारतात मात्र रक्तपुरवठा खंडित होऊन मांडीच्या हाडाचा गोलक निकामी झालेले तरुण रुग्णही मोठ्या संख्येने असतात.

मापन

१९६९ मधील हॅरिस गुणांकन १०० गुणांचे असून त्यांपैकी ४४ गुण वेदनेला आहेत. ९० पासून पुढील गुण उत्तम, तर ७० पेक्षा कमी गुण असमाधानकारक समजले जातात. १९९६ मधील ऑक्सफर्ड प्रश्नावलीतील १२ प्रश्नांची उत्तरे रुग्ण स्वतः देतो. जिना चढणे, मोजे घालणे, वाहनात बसणे यांची विचारणा या पद्धतींत होते. उकिडवे बसणे वा मांडी घालणे यांची होत नाही.

समाधान व असमाधान

बहुसंख्य रुग्णांची वेदना थांबते, शांत झोप लागते आणि चालणे सुधारते. असमाधानामागे उरलेली वेदना, पायांच्या लांबीतील फरक, सांधा निखळणे, जंतुसंसर्ग किंवा अवास्तव अपेक्षा ही कारणे असतात. सांध्याची गुणवत्ताही निर्णायक ठरते. धातूवर धातू घासणारा 'एएसआर' सांधा २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आला. भारतातील बाधित रुग्णांच्या भरपाईचे सूत्र केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवले. म्हणून बसवलेल्या सांध्याचा प्रकार व क्रमांक यांची नोंद रुग्णाने जपून ठेवणे हिताचे असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

जिल्ह्यात राहाता तालुक्यातील लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अहिल्यानगर शहराजवळ विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस, तर दक्षिणेकडील अवर्षणप्रवण भागात ज्वारी ही महत्त्वाची पिके आहेत. खुरपणी उकिडवे बसून, तर ज्वारीची काढणी ओणवे होऊन केली जाते. पंगतीतील जेवण, देवपूजा आणि देशी शौचकूप यांसाठीही खुबा खोलवर वाकवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः ती मागील बाजूने केलेली असल्यास, पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवणे व पायावर पाय टाकणे टाळण्यास सांगतात, कारण त्यामुळे सांधा निखळू शकतो. त्यामुळे उंच खुर्ची, कमोड व खाट यांची सोय घरी आधीच करावी लागते.

एखाद्या शेतमजूर स्त्रीला गुणांकनात 'उत्तम' श्रेणी मिळूनही खुरपणीला जाता आले नाही, तर तिची मजुरी बुडते. म्हणून कोणती कामे पुन्हा करता येतील आणि कोणती सोडावी लागतील, याची स्पष्ट चर्चा शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्ण व कुटुंबीयांशी होणे आवश्यक असते.