पोटात पाय आणि तोंडात गांडूळ

ज्या प्राण्याच्या नावातच आपल्या पूर्वजांनी गाय गुंफून ठेवली, आणि वरून गरीब पण आतून बेरकी अशा माणसाची ओळख पटवताना ज्याच्या पोटातले पाय तेवढे दाखविले, त्याच्या पोटात मांसही जात असेल ही शंका म्हण रचणाऱ्याच्या मनाला शिवली नसावी. न्यूझीलंडच्या दमट अरण्यांत आणि डोंगरमाथ्यांवर राहणारी, पॉवेल नामक शंखशास्त्रज्ञाच्या नावावरून ‘पॉवेलिफँटा’ म्हटली जाणारी गोगलगाय मात्र निखालस मांसाहारी आहे. दिवसभर पालापाचोळ्याखाली दडावे, रात्री बाहेर पडावे, आणि गांडूळ सापडताच, आपण खिरीतली लांब शेवई सुर्रकन ओढतो तसे, ते सबंध आत घ्यावे, असा तिचा नित्यक्रम. (सुर्रकन हा शब्द तिच्या गतीला शोभत नाही, हे मान्य.) हिच्यातील सर्वांत थोर जातीचा शंख ९ सेंटिमीटर रुंद भरतो. शंखात चुन्याचा अंश अल्प असल्याने तो सुकला की तडकतो; ओलावा हेच तिचे सर्वस्व.

परदेशांतून आणलेले पॉसम आणि उंदीर तिचा फडशा पाडतात. १९८२ पासून तिला कायद्याचे संरक्षण आहे, इतके की तिचा रिकामा शंख उचलून नेण्याचीही मुभा नाही. परंतु दक्षिण बेटाच्या पश्चिम भागातील माउंट ऑगस्टस या डोंगरावर राहणाऱ्या ‘ऑगस्टा’ जातीचे दुर्दैव असे, की तिच्या पायाखाली, किंवा पोटाखाली म्हणा, दगडी कोळसा निघाला. खाणीचे काम सरकारी मालकीच्या कंपनीकडे होते, आणि गोगलगायींच्या रक्षणाची जबाबदारीही सरकारच्याच दुसऱ्या खात्याकडे. तेव्हा डोंगरमाथा खणण्याआधी हजारो गोगलगायी हातांनी वेचण्याची तजवीज झाली. काहींना शेजारच्या उतारांवर सोडले, उरलेल्यांचा मुक्काम होकिटिका गावी, डब्यांत घालून, चक्क शीतकपाटांत पडला. डोंगरावरची थंडी तिथे यंत्राने पुरवायची होती. २०११ च्या नोव्हेंबरात त्याच यंत्रणेत बिघाड होऊन तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरले आणि सुमारे ८०० जीव गारठून मेले.

हा तोटा भरून निघणे सोपे नव्हे, कारण ही गोगलगाय वयात येण्यास आठेक वर्षे घेते, वर्षाकाठी जेमतेम पाच अंडी घालते, आणि ते अंडे फुटण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. शरीर शंखात कोंडलेले असल्याने हिचे जननद्वार मानेवर असते. एकाच देहात स्त्रीत्व आणि पुरुषत्व दोन्ही नांदतात. २०२५ साली होकिटिका येथेच एका गोगलगायीचे वजन करीत असता मानेच्या त्या छिद्रातून कोंबडीच्या छोट्या अंड्यासारखे दिसणारे शुभ्र अंडे हळूहळू बाहेर येताना चित्रफितीवर टिपले गेले. बारा वर्षे या गोगलगायींची निगा राखणाऱ्या कर्मचारी बाईंनाही ते दृश्य त्यापूर्वी कधी दिसले नव्हते.